वाळीत न टाकता शिस्त: एकत्र राहणाऱ्या वस्तीसाठी पायरीपायरीने

मे महिन्यात आमच्या कातळावर पाण्याचा हिशेब कळशीने होतो. देवगड तालुक्यात आम्ही नऊ घरं ठरवून एकत्र राहायला आलो. विहीर एक, टाकी एक. एका रात्री आमच्यातल्या एका भाऊंनी अकरा वाजता पंप लावला आणि तो पहाटेपर्यंत चालू राहिला. सकाळी विहिरीत गुडघाभर गढूळ पाणी होतं आणि पंप जळालेला.

त्यानंतर आम्ही जे केलं ते पंप जळण्यापेक्षा वाईट होतं. कुणी भांडलं नाही, कुणी सभा बोलावली नाही. संध्याकाळी खळ्यात चहा झाला की त्या घरी हाक जायची, ती बंद झाली. भाताचं बियाणं आणायच्या यादीत त्यांना विचारायचं राहून गेलं. ग्रुपवर त्यांच्या मेसेजला उत्तर येईना. पंधरा दिवसांनी त्या घरातल्या वहिनी माझ्या पडवीत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "ताई, आम्हाला वाळीत टाकलंय का? तसं असेल तर सांगा, म्हणजे मुलीला तरी काही सांगता येईल."

मी तेव्हा वस्तीची चिटणीस होते. कोकणात हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. शिक्षण, समजूतदारपणा, सहजीवनाची भाषा, सगळं असूनही आमच्या हातून तेच झालं होतं, कारण चूक झाल्यावर करायचं काय हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. जिथे पद्धत नसते तिथे अबोला पद्धत होऊन बसतो. पुढचं सगळं त्या उन्हाळ्यापासून आम्ही हळूहळू बसवलं. तुमची वस्ती आंबा-काजूच्या बागेत असो, खाडीकाठी असो, चार घरांची असो की वीस, बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी कायद्याचा गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, कुठे आहे ते बघा

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या कार्यकर्त्यांचा रेटा होता, आणि रायगड जिल्ह्यातल्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारीही होत्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्यातली 'समाजा'ची व्याख्या जन्म, धर्मांतर किंवा धार्मिक विधी यांनी जोडलेल्या माणसांची आहे, त्यामुळे आपल्यासारखी जमून आलेली वस्ती त्यात तंतोतंत बसेलच असं नाही. पण बहिष्कार म्हणजे काय याची त्यातली यादी वाचाच. संबंध तोडणं, कार्यक्रमाला येऊ न देणं, शाळा-दवाखाना-सभागृह-स्मशान यांची वाट अडवणं, दुसऱ्यांना तसं करायला फूस लावणं. ती यादी मी चिटणिशीच्या वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहून ठेवली आहे.

दुसरा गडगा जमिनीचा. बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३. म्हणून पुष्कळ ठिकाणी सातबारा एकादोघांच्या नावावर आणि राहणारे दहाजण असं असतं. शिस्तीचा प्रश्न आला की सातबारावाला माणूस न बोलताच न्यायाधीश होतो. उलट, सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला तुमचा कुठलाही ठराव जमिनीवरून हलवू शकत नाही. वस्तीचा कायदेशीर साचा सहकारी संस्था आहे, ट्रस्ट आहे, की नुसतीच सामाईक खरेदी, हे शिस्तीचे नियम लिहिण्याआधी वकिलाबरोबर बसून बघा. नियम त्या साच्याच्या आतच चालतात.

पहिली पायरी: नियम थोडे, पण मोजता येतील असे

आमच्या जुन्या नियमावलीत वाक्य होतं, "सर्वांनी पाणी जपून वापरावे." यावर कुणाला काय विचारणार? प्रत्येकाला वाटतं, आपण जपूनच वापरतो. आता वाक्य असं आहे: "१५ एप्रिल ते पहिला मोठा पाऊस, रात्री नऊनंतर पंप चालू करायचा नाही. तातडीची गरज असेल तर ज्याची पाळी त्याला उठवून सांगायचं." तारीख, वेळ, अडचणीची वाट, तिन्ही त्यात आली. मोडला की नाही हे कुणाच्या स्वभावावर बोट न ठेवता सांगता येतं.

असे नियम दहा-बारा पुरेत. पाणी, सामाईक खर्च, श्रमदान, आग (फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलेलं असताना पालापाचोळा जाळायचा की नाही, कधी, किती जण हजर असताना), पाहुणे, कुत्री-गुरं, बागेतलं फळ, दारू आणि आवाज. बाकीचं शेजारधर्मावर सोडा. नियम फार झाले की ते फक्त नावडत्या माणसाला लागू होतात.

नव्याने येणाऱ्याला एक पावसाळा राहिल्याशिवाय सभासद करू नका. चार-चार दिवस वीज नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, बोलायला तीच ती माणसं. जुलैमध्ये माणूस जसा राहतो तसा तो असतो. सभासद होताना नियम मोठ्याने वाचायचे, नुसती सही पुरत नाही. आणि नियम मोडला तर कोणत्या पायऱ्या आहेत तेही त्याच बैठकीत वाचायचं. शिक्षा आधी ठाऊक असली की ती कुणाच्या रागातून आल्यासारखी वाटत नाही.

दुसरी पायरी: तक्रार आली की आधी तिचा खण ठरवा

सगळ्या तक्रारी शिस्तीच्या नसतात. दोन घरांमध्ये रागलोभ असेल, एकीला दुसरीचं बोलणं लागलं असेल, तर तो तंटा आहे. तिथे कुणीतरी मधे बसून बोलणं घडवायचं, दोषी शोधायचा नाही. नियम मोडला किंवा कबूल केलेलं काम केलं नाही, ती शिस्तीची बाब. या दोन खणांची गल्लत झाली की भांडणात हरलेला माणूस गुन्हेगार ठरतो.

तिसरा खण आहे गुन्ह्याचा, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. मारहाण, लैंगिक छळ, मुलांवरचा अत्याचार, पैशांचा अपहार: वस्तीने आपल्या बैठकीत यांचा "निकाल" लावायचा नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. ११२ पोलिसांसाठी, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, हे तीन आकडे सामाईक स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा. तुमच्याकडे होमस्टे किंवा बागेत मजुरीला बायका असतील तर ते कामाचं ठिकाण झालं. तिथे दहापेक्षा कमी लोक कामाला असतील तर लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, साधारण तीन महिन्यांच्या आत. "आपलं आपल्यात मिटवू" हे वाक्य अशा वेळी जो म्हणेल त्याला तिथेच थांबवा, मग तो वस्तीचा सगळ्यांत आदरणीय माणूस का असेना. वस्तीची अब्रू जपायला लहान मुलाला पणाला लावता येत नाही.

तिसरी पायरी: तोंडावर, एकट्याने, आठ दिवसांत

ज्याने पाहिलं त्याने बोलायचं. आठ दिवसांच्या आत, त्या माणसाच्या घरी किंवा बागेत, चारचौघांत नाही आणि फोनवर टाइप करून तर नाहीच. आठ दिवस उलटले आणि तुम्ही बोलला नाहीत, तर ती गोष्ट तिसऱ्याला सांगायचा तुमचा हक्क संपला, असा आमचा नियम आहे. कुचाळक्या त्यामुळे खरोखर कमी झाल्या. ज्याला एकट्याने जायची भीती वाटते, म्हणजे धाकटी सून, भाड्याने राहणारा मुलगा, यांनी कुणाला तरी सोबत न्यावं, त्यात काही कमीपणा नाही. गुन्ह्याच्या खणातल्या गोष्टीला मात्र हा आठ दिवसांचा नियम लागू नाही. ती कधीही, कुणालाही सांगता येते.

काय बोलायचं तेही आम्ही ठरवलं: काय पाहिलं, कधी, त्याने काय अडलं. एवढंच. "भाऊ, मंगळवारी सकाळी टाकी रिकामी होती. माझ्याकडे आजारी माणूस आहे, मला दोन हंडे शेजारच्या वाडीतून आणावे लागले. रात्री पंप तुमच्याकडून राहिला का?" यात "नेहमीच" नाही, "तुम्हाला काय पडलंय" नाही. शेवटी प्रश्न आहे, आणि प्रश्नानंतर गप्प बसायचं आहे. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड.

आमच्या त्या प्रकरणात हे कुणीच केलं नाही. मी शेवटी गेले, तेव्हा भाऊ कलमांना आळी करत होते. चाळीस नवी हापूसची कलमं, कातळात सुरुंग लावून खड्डे केलेले, वरून आणलेली माती. निम्म्यांची पानं करपली होती. ते म्हणाले, "बघवत नव्हतं. तासाभरात बंद करीन म्हटलं आणि तिथेच डोळा लागला." मग खाली बघत म्हणाले, "पाणी पाळीने देऊ असं सभेत ठरलं होतं ना? पाळ्या कुणी लावल्याच नाहीत." पाळ्या लावायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणून चौकशीच्या कागदावर आता एक ठरलेला प्रश्न छापलेला असतो: यात वस्तीची कुठली चूक आहे?

चौथी पायरी: चौकशी

बोलून सुटलं नाही, किंवा तीच गोष्ट पुन्हा झाली, तरच इथवर या. तिघेजण बसतात. तक्रार करणारा, कुठल्याही बाजूचा नातेवाईक किंवा धंद्यातला भागीदार, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे तो यात बसत नाही. नऊ घरांत असे तिघे मिळणं अवघड जातं, तेव्हा एक माणूस गावातून घ्या. आम्ही शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त गुरुजींना विनंती केली. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. तिच्या समितीत काम केलेली, दोन्ही बाजू ऐकायची सवय असलेली माणसं बहुतेक गावांत सापडतात.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला एक पानाचा कागद द्या: कुठला नियम, कुठली तारीख, कुणी काय पाहिलं. त्यानंतर किमान सात दिवस. मोहोर-फवारणी, आंब्याची तोड, भातलावणी यांच्या ऐन गर्दीत तारीख ठेवू नका; दमलेला माणूस स्वतःची बाजू नीट मांडत नाही, नुसतं "करा काय ते" म्हणतो. सोबत एक माणूस आणायची मुभा द्या. बैठकीत आधी त्याला बोलू द्या. तक्रार करणाऱ्याचं नाव लपवून चौकशी करू नका. गुप्त तक्रारीला उत्तर देता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याची शिक्षा आयुष्यभर सलते.

काय घडलं हे एका दिवशी ठरवा, आणि त्यावर काय करायचं हे दुसऱ्या दिवशी. मधे एक रात्र जाऊ द्या. आम्ही पहिल्यांदा असं केलं तेव्हा संध्याकाळी तिघांनाही वाटत होतं की सभासदत्व स्थगित करावं. सकाळी तिघांपैकी एकालाही ते वाटलं नाही.

सर्वसंमतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशा वस्त्यांना तिचं आकर्षण असतं. आमच्या कोकणातल्याच गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तिथे निर्णय सर्वसंमतीने होतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभाही त्याच वाटेने चालत आली. नियम बनवताना आम्हीही सर्वसंमतीच धरतो. शिस्तीच्या निर्णयात मात्र माझा अनुभव वेगळा आहे: एका खोलीत आठ माणसं एकाकडे बघत असतात तेव्हा नववा माणूस "मला हे पटत नाही" म्हणत नाही. म्हणून तिथे चिठ्ठ्या टाका, आणि चिठ्ठीवर कारण लिहायला जागा ठेवा.

पाचवी पायरी: शिक्षेची शिडी

२००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामाईक कुरणं, पाटाचं पाणी, किनाऱ्यावरची मासेमारी यांचा अभ्यास मांडला. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जे समान दिसलं, त्यात एक होतं: पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी, आणि मग टप्प्याटप्प्याने वाढणारी. आमची शिडी अशी आहे. आठवण. लेखी समज. झालेलं नुकसान भरून देणं. ठरावीक मुदतीसाठी एखादा अधिकार काढून घेणं. सभासदत्व स्थगित. आणि अगदी शेवटी, सभासदत्व संपवणं. मधली पायरी गाळून वर उडी मारायची नाही.

शिक्षा ज्या गोष्टीत चूक झाली त्याच गोष्टीला शिवली पाहिजे. पंपाची चूक, तर पंपाची किल्ली. हिशेबात घोळ, तर पेटीकॅश दुसऱ्याकडे. पंपाच्या चुकीसाठी गणपतीच्या आरतीला बोलावणं बंद करायचं नाही. हे सगळं ठरवताना आमच्या बागेत कामाला येणारे एक वयस्क काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पाणी बंद करूचा नाय, वाट बंद करूची नाय. बाकी काय ता करा." ते वाक्य जसंच्या तसं नियमात घातलं, आणि त्यात जोडलं: अन्न, वीज, औषधपाणी, मुलांचं खेळणं-शिकणं, सणवार, आणि बोलणं.

दंडाच्या पैशांबद्दल सांभाळून. पऱ्यावर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, आम्ही दर वर्षी डिसेंबरात दगड-मातीचा कच्चा बंधारा घालतो, वाहतं पाणी अडलं की विहिरीला मार्चपर्यंत आधार मिळतो. श्रमदानाला न येणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठेवला होता. दुसऱ्या वर्षी मुंबईत नोकरी असलेल्या दोघांनी नोव्हेंबरातच पाचशे-पाचशे पाठवून दिले. त्यांना तो बंधाऱ्याचा दर वाटला होता, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. इकडे बागेवर पोट असलेल्या एका घराला तेच पाचशे म्हणजे दीड दिवसाची मजुरी. पैसा सगळ्यांना सारखा लागत नाही. दिवस बराचसा सारखा असतो. आता कामाच्या बदल्यात काम: बंधाऱ्याचा दिवस चुकला तर पावसाआधी पाणंदीचा किंवा गडग्याचा एक दिवस. म्हातारी, आजारी, बाळंतीण यांना यादी धरणं, चहा करणं, अवजारं मोजणं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा, जाळं ज्याचं त्याचा वाटा आणि दोराला हात लावणाऱ्याचा वाटा, दोन्ही मोजले जातात. काम दिसेल असं मोजलं की कुरकुर निम्मी होते.

जे वर बसलेत त्यांचं काय

वस्ती सुरू करणारा माणूस, चिटणीस, खजिनदार यांच्या चुका कुणी बोलत नाही, आणि त्याच सगळ्यांत महाग पडतात. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्याने वाचा, पावत्यांची फाईल मधोमध ठेवून. पदं दोन वर्षांनी बदला. पदावरच्या माणसाविरुद्धची तक्रार आपोआप बाहेरच्या माणसाकडे जाईल असं आधीच लिहून ठेवा. पाळ्या न लावल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. तो कागद त्याच फाईलमध्ये, भाऊंच्या कागदाच्या वर लावलेला आहे. त्या दिवसापासून लोक तक्रार घेऊन माझ्याकडे यायला लागले.

सभासदत्व संपवायची वेळ आलीच तर

सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३५ पाळावंच लागतं. सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचा ठराव, त्या सभासदाला सभेपुढे बाजू मांडायची संधी, आणि निबंधकाची मंजुरी. मंजुरी आल्याशिवाय ठराव लागू होत नाही. ट्रस्ट किंवा नोंदणीकृत संस्थेत घटनेत जे लिहिलं असेल ते.

पैशांचा हिशेब सोपा असतो, झाडांचा अवघड. हापूसचं कलम धरायला लागून हाताशी पीक यायला पाच-सात वर्षं जातात. चौथ्या वर्षी गेलेला माणूस एकही पेटी न बघता जातो, आणि पुढची चाळीस वर्षं दुसरेच आंबे खातात. आम्ही म्हणून सभासद होतानाच लिहून घेतो: जाताना झाडं दोन तिऱ्हाइतांनी मोजायची, लावणीचा खर्च आणि राखणीची वर्षं धरून रक्कम ठरवायची, ती जास्तीत जास्त तीन हप्त्यांत द्यायची. घराचं सामान न्यायला महिनाभर. मुलांची शाळा चालू असेल तर मे महिन्यापर्यंत मुदत. जाणाऱ्याबद्दल गावात काय सांगायचं ते एक वाक्य त्याच्यासोबत बसून ठरवायचं आणि सगळ्यांनी तेवढंच सांगायचं. गावात आपलं प्रत्येक घर ओळखीचं असतं. तो माणूस उद्या त्याच बाजारात भाजी घेणार आहे.

शेवटची पायरी: परत यायची तारीख

प्रत्येक शिक्षेच्या कागदावर संपण्याची तारीख हवी. त्या दिवशी काय घडेल, कोण करेल, तेही. आणि वर्षभर तीच चूक झाली नाही तर कागद फाईलमधून काढून त्या माणसाच्या हातात द्यायचा.

भाऊंनी पंप बांधून आणायचा अर्धा खर्च दिला, अर्धा वस्तीने. पंपाची किल्ली ३० जूनपर्यंत त्यांच्याकडे नसेल असं ठरलं. कलमांच्या पाण्याच्या पाळ्या मी त्याच आठवड्यात लावल्या. पाऊस वेळेवर आला, विहीर भरली, लावणी सुरू झाली, आणि ३० जून माझ्या लक्षातून गेला. भाऊंनी मागितली नाही. ९ जुलैला चिखलाने भरलेल्या पायांनी मी तण काढून घरी येत होते, तेव्हा त्यांची मुलगी गडग्यावर बसलेली होती. तिने विचारलं, "काकी, बाबांची शिक्षा वाढवली का?"

किल्ली मी तशाच पायांनी नेऊन दिली. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं: मुदत संपल्यावर चिटणिसाने स्वतः घरी जावं, त्याच दिवशी.